वेचे आणि वेचणारे

वाचता वाचता एखादी ओळ मनात ठसली की ती वहीत उतरवून ठेवायची, ही सवय आपल्याकडे शाळकरी मुलापासून निवृत्त माणसापर्यंत अनेकांना असते. कुणी त्यासाठी जाड बांधणीची वही करतो, कुणी सरलेल्या वर्षाच्या डायरीतली कोरी पाने कामी लावतो. शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोज सकाळी जो 'आजचा सुविचार' लिहिला जातो, तो या सवयीचाच सार्वजनिक अवतार. तरीही या उद्योगाकडे पाहण्याची आपली दृष्टी काहीशी उपेक्षेची आहे. स्वतंत्र लिहिणारा तो लेखक, आणि दुसऱ्याचे उतरवून घेणारा तो नुसता लेखनिक, अशी आपण मनाशी विभागणी करून टाकलेली असते.

इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. भारतीय वाङ्मयाचा फार मोठा भाग अशा उतरवून घेणाऱ्यांनीच आपल्या हाती दिला आहे. त्यांच्या वह्या नसत्या तर शेकडो कवींची नावेही उरली नसती. त्याचबरोबर, उतरवणाऱ्याने हयगय केली तर काय घोटाळा होतो, याचेही दाखले याच परंपरेत सापडतात. या दोन्ही बाजू वाचकांपुढे ठेवाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

कोटीतून सातशे

आपल्या मातीपुरते बोलायचे तर सुरुवात पैठणपासून करावी लागते. सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखली जाणारी 'गाथासप्तशती' हा माहाराष्ट्री प्राकृतातील सुट्या गाथांचा संग्रह. मराठी ज्या भाषेतून वाढली तिचा हा सर्वांत जुना वाङ्मयीन ठेवा. कोटी गाथांतून या सातशे निवडल्या, असे ग्रंथाच्या आरंभीच म्हटले आहे. कोटी हा आकडा अर्थातच अलंकारिक. पण त्यातला 'निवडल्या' हा शब्द मोलाचा आहे. येथे राजाचा मोठेपणा काव्य रचण्यात सांगितलेला नसून वेचण्यात सांगितलेला आहे. शेतकरी, गवळी, पांथस्थ, गृहिणी यांचे जग या गाथांत आहे, आणि ते टिकले ते कुणीतरी वेचून ठेवल्यामुळे. स. आ. जोगळेकर यांनी १९५६ साली या ग्रंथाची विस्तृत प्रस्तावनेसह मराठी आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा सामान्य मराठी वाचकाला हे धन घरबसल्या उपलब्ध झाले.

यानंतर संस्कृतात अशा संग्रहांची मोठी परंपराच निर्माण झाली. त्यांना कोश म्हणत, मुक्तावली म्हणत, पद्धती म्हणत. त्यातल्या एकाची कथा सविस्तर सांगण्याजोगी आहे. कारण तिचे एक टोक बंगालमध्ये, दुसरे तिबेटात आणि तिसरे थेट आपल्या गोव्यात आहे.

जगद्दल विहारातील भिक्षू

सुमारे ११०० च्या आसपास, पाल राजांच्या काळात, बंगालच्या वरेंद्र भागात जगद्दल नावाचा बौद्ध विहार होता. आजच्या बांगलादेशाच्या उत्तर भागात ही जागा येते. या विहारात विद्याकर नावाचा एक पंडित राहत असे. विहारातल्या ग्रंथसंग्रहात त्याचा सतत वावर असावा, कारण त्याने वाचलेल्या ग्रंथांची व्याप्ती थक्क करणारी आहे. वाचताना आवडलेले श्लोक तो विषयवार लावत गेला आणि त्यातून 'सुभाषितरत्नकोश' तयार झाला. ग्रंथाचे पन्नास विभाग आहेत. त्यांना त्याने 'व्रज्या' म्हटले आहे. छापील आवृत्तीत एकंदर १,७३८ श्लोक आहेत आणि त्यांत दोनशेहून अधिक कवींची नावे येतात.

विभागांचा क्रम पाहिला म्हणजे माणूस कळतो. विद्याकर बौद्ध; म्हणून आरंभ सुगताच्या, म्हणजे बुद्धाच्या, स्तुतीने. पण लगेच पुढे शिव येतो, विष्णू येतो, सूर्य येतो. मग वसंतापासून ऋतू येतात, शृंगाराचे कितीतरी विभाग येतात, सज्जन येतात, दुर्जन येतात, आणि दीनदरिद्र्यांचाही एक स्वतंत्र विभाग येतो. शेवटचा विभाग कवींच्या स्तुतीचा. शृंगाराच्या श्लोकांना एका बौद्ध विहारात एवढी जागा मिळावी, याचे आज कुणाला नवल वाटेल. परंतु वेचणाऱ्याने आपल्या पंथाची चौकट वाचनाला घातली नाही, हाच त्याचा मोठा गुण. दरबारी काव्यात अभावाने दिसणारे खेड्यातले जीवन, कापणीचे दिवस, हिवाळ्यातली कुडकुडणारी गरिबी, हे सारे त्याच्या संग्रहात आहे. योगेश्वर नावाच्या कवीने असे खेड्याचे चित्रण केले. त्याचा स्वतंत्र ग्रंथ आज एकही नाही. तो आहे तो केवळ विद्याकरासारख्यांच्या वहीत.

पुढे सुमारे शंभर वर्षांत बंगाल-बिहारमधील मोठे विहार उद्ध्वस्त झाले. ग्रंथालये गेली. काही पोथ्या तेवढ्या भिक्षूंबरोबर नेपाळात आणि तिबेटात पोहोचल्या. विद्याकराचा संग्रह त्यांपैकीच एक.

आता दैवाची गंमत पाहा. १९१२ साली एफ. डब्ल्यू. थॉमस या इंग्रज पंडिताने नेपाळातून आलेल्या एका त्रुटित पोथीवरून हा संग्रह कलकत्त्याच्या 'बिब्लिओथेका इंडिका' मालेत प्रथम छापला. पोथीची पाने गहाळ असल्यामुळे ग्रंथाचे नावही कळेना आणि कर्त्याचेही. थॉमसने आरंभीच्या श्लोकातील शब्दांवरून त्याला 'कवींद्रवचनसमुच्चय' असे कामचलाऊ नाव दिले. ज्याने दोनशेहून अधिक कवींची नावे काळाच्या तोंडातून काढली, त्याचे स्वतःचे नाव असे आठ शतके हरवलेले होते!

गोव्याचा गणिती

हे नाव परत मिळाले ते राहुल सांकृत्यायन यांच्या तिबेटच्या यात्रांमुळे. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी तिबेटातील मठांतून संस्कृत ताडपत्रांचा शोध घेतला. ङोर येथील मठात त्यांना या संग्रहाची ताडपत्रावरची प्रत आढळली. नेपाळात राजगुरू हेमराज शर्मा यांच्या संग्रहात दुसरी, अधिक विस्तृत प्रत होती. या सामग्रीवरून ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली ती दामोदर धर्मानंद कोसंबी आणि वा. वि. गोखले या दोघांनी. हार्वर्ड ओरिएंटल सीरीजचा ४२वा खंड म्हणून ती १९५७ साली प्रसिद्ध झाली आणि विद्याकराचे नाव पुन्हा ग्रंथाच्या पहिल्या पानावर आले.

कोसंबी १९०७ साली गोव्यात कोसबें येथे जन्मले. त्यांचे वडील धर्मानंद हे बौद्ध विद्येचे थोर अभ्यासक. गोव्यातील साखवाळसारख्या खेड्यातून निघून नेपाळ आणि सिंहलद्वीपापर्यंत ज्ञानासाठी पायपीट करणारा हा माणूस मराठी वाचकाला परिचित आहे. चिरंजीवांचा पोटापाण्याचा विषय गणित. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी गणिताचेच काम केले. अशा माणसाने सुभाषितांच्या पोथ्यांत वर्षानुवर्षे डोके घालावे, ही गोष्ट वरवर विचित्र वाटेल. पण पाठभेदांचा हिशोब मांडणे हे गणिती वृत्तीलाच साजेसे काम आहे.

दोन प्रतींची तुलना केल्यावर संपादकांना असे दिसले की एक प्रत लहान व आधीची, दुसरी वाढवलेली. विद्याकराने पहिला संग्रह पूर्ण केल्यावरही काम थांबवले नव्हते. वर्षानुवर्षे तो भर घालीत राहिला, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वेचण्याची वही कधी संपत नाही, हा अनुभव ज्याला आहे त्याला हे वाचून विद्याकर आपल्याच घरातला वाटेल.

या ग्रंथाने एक वैचारिक वादही दिला. संस्कृत दरबारी काव्य हे उत्पादनापासून दूर असलेल्या वर्गाचे काव्य, म्हणून त्याच्या मर्यादाही त्या वर्गाच्या, अशी मांडणी कोसंबींनी प्रस्तावनेत केली. डॅनियल इंगॉल्स या अमेरिकन पंडिताने १९६५ साली सबंध ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा ही मांडणी आपल्याला मान्य नाही असे त्याने स्पष्टपणे लिहिले. मतभेद असूनही एकाने दुसऱ्याच्या पाठावर उभे राहून काम केले, ही विद्येच्या क्षेत्रातली निकोप रीत.

देवगिरीची मुक्तावली

बंगालातून पुन्हा आपल्या मुलखाकडे येऊ. देवगिरीच्या यादव घराण्यातील कृष्णराजाच्या पदरी जल्हण नावाचा हत्तीदलाचा प्रमुख होता. या कृष्णराजाच्या काळचे लेख बेळगाव-धारवाड भागातही सापडले आहेत, म्हणजे तो आपल्याही भागाचा राजा. जल्हणाच्या नावावर 'सूक्तिमुक्तावली' हा मोठा सुभाषितसंग्रह आहे. प्रत्यक्ष वेचण्याचे काम त्याच्यासाठी भानू नावाच्या वैद्य पंडिताने केले; काळ शके ११७९, म्हणजे इसवी सन १२५८ च्या सुमाराचा. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. दोहोंत जेमतेम तेहतीस वर्षांचे अंतर.

या संग्रहाच्या आरंभी जल्हणाच्या घराण्याची हकीकत आहे, आणि यादवांच्या इतिहासाला तिचा मोठा आधार झाला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिताना तिचा उपयोग केला आहे. काव्यवेच्यांची वही राजकीय इतिहासाचे साधन होते, याचे हे उत्तम उदाहरण. शिवाय राजशेखर या कवीने पूर्वसूरींवर रचलेले अनेक श्लोक याच ग्रंथात टिकले. त्यांत विज्जका, शीलभट्टारिका, विकटनितंबा, प्रभुदेवी अशा स्त्रीकवींची दखल आहे. या कवयित्रींचा एकही स्वतंत्र ग्रंथ आज हाती नाही. त्या आहेत त्या पूर्णपणे वेचणाऱ्यांच्या कृपेने.

यांपैकी शीलभट्टारिकेच्या बाबतीत अलीकडे एक लक्षणीय गोष्ट घडली. बदामीच्या चालुक्यांच्या एका ताम्रपटाच्या वाचनावरून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी २०२३ साली असे मांडले की ही कवयित्री चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याची कन्या असावी. विद्वानांत यावर चर्चा होत राहील. पण मुद्दा असा, की संग्रहकारांनी तिच्या श्लोकांखाली तिचे नाव लिहून ठेवले नसते, तर ताम्रपटातल्या राजकन्येशी ताडून पाहायला काही उरलेच नसते.

'सूक्तिमुक्तावली' छापली गेली ती १९३८ साली वडोदऱ्यात, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत. १९१६ साली सुरू झालेल्या या मालेचा पहिला ग्रंथ राजशेखराचीच 'काव्यमीमांसा' होती. देवगिरीचा संग्रह एका मराठी संस्थानिकाच्या आश्रयाने गुजरातेतून बाहेर पडावा, यात आपल्या बृहन्महाराष्ट्राचा एक नकाशाच दिसतो.

भर्तृहरीच्या नावावर

आता दुसरी बाजू. नीती, शृंगार आणि वैराग्य या भर्तृहरीच्या तीन शतकांचा परिचय नसलेला सुशिक्षित मराठी माणूस मागच्या पिढीपर्यंत दुर्मीळ होता. वामन पंडितांनी त्यांचे मराठीत श्लोकबद्ध रूपांतर केले, आणि शाळांतून ती पाठ होत. शतक म्हणजे शंभर. तिन्ही मिळून तीनशेच्या आसपास श्लोक व्हावेत. कोसंबींनी १९४८ साली भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती काढली. त्यासाठी त्यांनी देशभरातील ३७७ हस्तलिखितांचा विचार केला. या साऱ्यांत मिळून भर्तृहरीच्या नावावर ८५२ श्लोक निघाले! त्यांतले सर्वत्र आढळणारे, म्हणून निश्चयाने जुने मानावेत असे, फक्त २०० ठरले. आणखी १५२ संशयित, आणि उरलेले ५०० या ना त्या पोथीत मागाहून शिरलेले.

हे घडले कसे? कुणी फसवणूक केली असे मानण्याचे कारण नाही. पोथीच्या मालकाला एखादा चांगला श्लोक कानावर आला. तो त्याने समासात टिपला. पुढच्या नकलाकाराने समासातला श्लोक आत घेतला. श्लोक नीतीचा आहे ना, मग तो भर्तृहरीचाच असणार! मोठ्या नावाला असे लोहचुंबकासारखे गुण असतात. यात भर्तृहरीचे नाव वाढले खरे, परंतु ज्या पाचशे श्लोकांवर ते चढले, त्यांच्या खऱ्या कर्त्यांचे काय? त्यांतले बहुतेक कायमचे पुसले गेले. नाव लिहिण्याचा आळस हा असा दुधारी असतो. एकाची प्रतिमा बिघडते आणि दुसऱ्याचे अस्तित्वच संपते.

आपली बाडे

मराठीत या परंपरेचे नाव बाड. लांबट कागद एका कडेला शिवून केलेली, बहुधा कापडी वेष्टनाची ही वही. हातकागद, बोरू आणि काजळी व डिंक घोटून केलेली शाई, एवढे तिचे साहित्य. पोथीत एकच ग्रंथ असतो. बाडात मालकाला जे जे आवडले वा लागले ते सारे. अभंगाशेजारी आरती, तिच्याखाली मोरोपंतांची आर्या, मग एखादे औषध, एखादा हिशोब, कुणाच्या पुण्यतिथीची नोंद. कीर्तनकाराचे बाड म्हणजे तर त्याची शिदोरीच. कोणत्या आख्यानात कोणते पद घालावे, हे त्यात टिपलेले असे.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे, शंकर श्रीकृष्ण देव आदी संशोधकांनी गावोगाव फिरून ही बाडे गोळा केली. धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेची स्थापना १८९३ सालची. समर्थ संप्रदायाच्या मठांतून मिळालेली हस्तलिखिते तेथे जमा झाली. त्यांचा निर्देश करताना अभ्यासक 'बाडांक' असा शब्द वापरतात. कुणा अज्ञात रामदासी शिष्याची वही आज क्रमांकासह संदर्भग्रंथ झाली आहे, तिला याहून मोठा मान कोणता?

तुकोबांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तरल्या, ही कथा घरोघरी सांगितली जाते. श्रद्धेने ती ऐकावी. पण अभंग टिकण्याचे दुसरेही एक कारण आहे, ते म्हणजे ते अनेकांच्या वह्यांत आणि अनेकांच्या कंठांत होते. संताजी तेली जगनाडे यांच्या हातची म्हणून मानल्या जाणाऱ्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस 'असल गाथा' प्रसिद्ध केली. घाण्यावर राबणाऱ्या एका माणसाचे अक्षर मराठीच्या सर्वश्रेष्ठ कवीचा आधार ठरते, ही गोष्ट वेचणाऱ्यांना लेखनिक म्हणून हिणवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

छापखाना आल्यावर बाडाचे पुस्तक झाले. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी १८५४ साली 'नवनीत अथवा मराठी कवितांचे वेचे' हा संग्रह सिद्ध केला. प्राचीन मराठी कविता म्हणजे 'नवनीत'मधली कविता, असे समीकरण शिकलेल्या मराठी माणसाच्या मनात कित्येक पिढ्या रुजले. नाव किती समर्पक! ताक घुसळून लोणी काढायचे, तर घुसळणाऱ्याचा हात महत्त्वाचा. मात्र वर आलेले लोणी म्हणजे सबंध दूध नव्हे, याचेही भान हवे. 'नवनीता'त ज्यांना जागा मिळाली ते कवी शाळेत आले. ज्यांना मिळाली नाही त्यांना संशोधकांची वाट पाहत बसावे लागले. निवडणारा असा न कळत एका समाजाची स्मरणशक्ती घडवीत असतो.

आजची वही

ही जुनी कहाणी आज सांगण्याचे प्रयोजन आहे. कागदाची वही पुष्कळांच्या हातून सुटली असली, तरी उतारे जमवण्याची हौस ओसरलेली नाही. उलट ती शतपटीने वाढली आहे. सकाळी भ्रमणध्वनी उघडावा तो फुलांच्या चित्रावर दोन ओळी आणि खाली विवेकानंदांचे, बाबासाहेबांचे, अब्दुल कलामांचे किंवा पु. लं.चे नाव. पुष्कळदा त्या ओळी त्यांच्या कोणत्याही ग्रंथात सापडत नाहीत. भर्तृहरीच्या पोथ्यांत जे घडायला कित्येक शतके लागली, ते आता एका सकाळीत घडते. तीच ओळ दुपारपर्यंत शाळेच्या फळ्यावर येते, आणि शंभर मुलांच्या मनात ती त्या थोर पुरुषाची म्हणून कायमची बसते. मूळ लिहिणारा कुणी साधा कवी, एखादी शिक्षिका असेल. तिचे नाव मात्र त्या पाचशे श्लोकांच्या कर्त्यांप्रमाणे पुसले जाते.

सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या गोष्टीची बोच अधिक असावी. भाषा टिकवायची म्हणजे ठराव करायचे, सभा भरवायच्या, हे सारे आवश्यकच. पण भाषा टिकते ती अखेर माणसांच्या वाचनात आणि पाठांतरात. घरात एक अशी वही असेल, की जिच्यात आजोबांनी वेचलेल्या ओव्या, आईने उतरवलेली जात्यावरची गाणी आणि नातवाने पुस्तकातून टिपलेला परिच्छेद एकत्र नांदतात, तर त्या घरातली मराठी सहसा जात नाही. आपल्या भागात बोलली जाणारी मराठी, तिच्यात मिसळलेले कानडी आणि कोंकणी शब्द, बायकांच्या तोंडची गाणी, हे कोणत्या 'नवनीता'त येणार? ते आपणच वेचायला हवे.

एवढेच, की ते वेचताना विद्याकराचा कित्ता गिरवावा. श्लोक आवडला तर त्याखाली त्याने कवीचे नाव लिहिले. ठाऊक नसेल तेथे उगाच मोठे नाव चिकटवण्यापेक्षा जागा मोकळी सोडली. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, पृष्ठांक आणि उतरवल्याची तारीख, एवढ्या चार गोष्टी लिहायला अर्धा मिनिट लागतो. ऐकलेले गाणे असेल तर ते कुणाकडून आणि कोणत्या गावी ऐकले हे लिहावे. मुलांकडूनही हेच करून घ्यावे. फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला, 'हे कुठल्या पुस्तकातले, बाळा? पान दाखव,' असे विचारले, की पुढच्या आठवड्यापासून तो पुस्तक घेऊनच फळ्याकडे येतो.

जगद्दलच्या विहाराची आज भग्न जोतीच उरली आहेत. तेथे किती ग्रंथ होते, याची गणती कुणी करू शकणार नाही. त्या साऱ्या वैभवातून एका वाचकाची वही तेवढी डोंगर ओलांडून गेली आणि आठशे वर्षांनी आपल्यापर्यंत पोहोचली. आपली वही कुठवर पोहोचेल हे आपल्या हाती नाही. तिच्यात नावे नीट लिहिणे मात्र आहे.